कडब्याची भाकरी

डॉक्टर तडवींनी स्टीलचा ट्रे टेबलावर ठेवला आणि वरचं हिरवं कापड बाजूला केलं. आत कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा मोठा, करड्या रंगाचा एक गोळा होता. भिजलेली सुतळी पिळून, वळून ठेवावी तसा.

"हा तुमच्या सासऱ्यांच्या आतड्यातून निघाला," त्या म्हणाल्या. "लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली वाट फार अरुंद असते. तिथे बूच बसल्यासारखा बसला होता. मागे सगळं तुंबलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. पुढचे दोन दिवस काही सांगता येत नाही."

केतकी बिडवे वाकून बघत राहिली. पंधरा वर्षं ती मांजरगावात औषधांचं दुकान चालवत होती, पण असलं काही तिनं पाहिलं नव्हतं. तिची धाकटी जाऊ वैष्णवी दाराशी उभी होती. ती ट्रेकडे बघतच नव्हती, केतकीकडे बघत होती.

"मामांना ताप आला तेव्हा गोळ्या ह्यांनी दिल्या," वैष्णवी डॉक्टरांना म्हणाली. "गोळ्या घेतल्या आणि आठवड्याच्या आत पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कसल्या गोळ्या होत्या, ते विचारा ह्यांना."

"टायफॉइडच्या," केतकी म्हणाली. "टायफॉइडच्या गोळीनं पोटात सुतळी तयार होत नाही. हा महिना मामा हिच्याकडे जेवतात. काय खायला घातलं, ते हिला विचारा."

"सगळं गाव खातं तेच घातलं."

"तेच, का आणखी काही?"

"म्हणजे मी म्हाताऱ्याला विष घातलं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. ट्रेमध्ये काय आहे ते समोर दिसतंय."

"भांडायचं असेल तर बाहेर जा," डॉक्टर तडवी म्हणाल्या आणि त्यांनी कापड पुन्हा ओढलं. "पेशंट अजून जिवंत आहे."

दोघी बाहेर आल्या आणि बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मधली जागा तशीच राहिली.

सूर्यकांत बिडव्यांच्या दोन मुलांची घरं एकाच जागेत होती. रस्त्याकडचा भाग थोरल्या अभिजितला मिळाला, कारण केतकीचं औषधांचं दुकान तिथे होतं. मागचा भाग धाकट्या हर्षदला आला. रस्त्याची बाजू थोरल्यांनी लाटली, हे वैष्णवी कधी विसरली नाही, आणि सासूच्या शेवटच्या आजारात धाकटी माहेरी जाऊन बसली, हे केतकी. तीन वर्षांपूर्वी अंगणात भिंत उभी राहिली. तेव्हापासून सासरे एक महिना या घरी आणि एक महिना त्या घरी जेवत. दोन्ही घरांत बोलणं असं उरलं ते त्यांच्याच तोंडून.

आता वैष्णवी म्हणाली ते खोटं नव्हतं. सगळं गाव तेच खात होतं.

सन २०४० नंतर त्या भागातली ज्वारी बिघडत गेली. फुलोऱ्याच्या दिवसांतच ऊन तापायचं आणि परागकण जळून जायचे. ज्वारीचं ताट पुरुषभर उंच वाढे, पण कणीस हातात घेतलं तर पोकळ. कडबा उदंड आणि दाणा नाही, अशी पाच वर्षं गेली. तेव्हा एका प्रयोगशाळेनं सरळ प्रश्न विचारला: कडबाच का खाऊ नये?

प्रश्न वेडेपणाचा नव्हता. दाण्यातलं पीठ आणि ताटातला काष्ठतंतू दोन्ही एकाच साखरेचे बनलेले असतात. मणी तेच, फक्त ओवण्याची तऱ्हा वेगळी. दाण्यातली माळ माणसाचं पोट तोडू शकतं, ताटातली तोडू शकत नाही. खरं तर गाईलाही ती तोडता येत नाही. गाईच्या पोटातले जिवाणू तिच्यासाठी ते काम करतात. शास्त्रज्ञांनी ती कला माणसाच्या लहान आतड्यात राहू शकेल अशा एका जिवाणूला शिकवली. आंबट पाण्याची एक लहान बाटली प्यायची, की जिवाणू आतड्यात वस्ती करत. दुधाला लावतात तसंच हे, म्हणून लोक त्याला विरजण म्हणू लागले. "एकदा घ्या, जन्मभर राहील," असं बाटलीवर छापलेलं असे. मग मांजरगावाबाहेर कंपनीचा कारखाना आला. तिथे कडबा वाफेवर शिजवून, क्षारात भिजवून त्याचे धागे सुटे करत आणि दळत. हर्षद त्या कारखान्यात सुपरवायझर होता. चार वर्षांत घराघरातून कडब्याच्या भाकरीचा वास येऊ लागला. भाकरी जराशी तुरट लागे, पण पोट भरे आणि अंगाला लागे. मुलं बाळसं धरू लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर तडवींनी केतकीला बोलावून घेतलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या एकट्याच सर्जन होत्या. टेबलावर आता दोन ट्रे होते.

"हा शेळके म्हणून शाळेतल्या बाई आहेत त्यांचा. वय बत्तीस. त्यांना जाऊबाई वगैरे कोणी नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "दोघांना नुकताच टायफॉइड होऊन गेला. दोघांनी तुमच्याकडून गुलाबी गोळ्या घेतल्या. बरोबर?"

केतकीनं मान हलवली. जुन्या गोळ्या टायफॉइडला लागू पडेनाशा झाल्यावर आठ महिन्यांपूर्वी ही नवी गोळी बाजारात आली होती. यंदा तापाची साथ होती आणि दवाखान्यापुढे रांग संपत नव्हती. लोक थेट दुकानात येत. चिठ्ठी नसतानाही केतकी गोळ्या देत होती.

"मी दोघांची विष्ठा तपासून घेतली. विरजणाचा मागमूसही नाही."

"ते जन्मभर राहतं म्हणतात."

"जुन्या गोळ्यांना ते दाद देत नव्हतं. ही नवी गोळी ज्या जातीचे जिवाणू मारते, त्यांत आपलं विरजणही येतं. दोन दिवसांत साफ. कंपनीनं पीठ तपासलं तेव्हा ही गोळी नव्हती. गोळीवाल्यांनी गोळी तपासली ती अशा देशांत, जिथे कडबा गुरं खातात. दोन्ही एकत्र कोणी तपासलंच नाही." त्यांनी चिमट्यानं गोळ्यातला एक धागा ओढला. तो लांबत गेला. "कारखान्यात हे धागे मुद्दाम सुटे केलेले असतात, जिवाणूंना सोपं जावं म्हणून. जिवाणूच नसतील तर ते पाण्यात फुगतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो. काहींचा सुटून जातो. एखाद्याचा असा अडकतो. तो एखादा कोण, हे आधी कळत नाही."

केतकी खुर्चीत बसली. "म्हणजे तिच्या भाकरीनं काही झालं नसतं."

"नुसत्या भाकरीनं नाही. नुसत्या गोळीनंही नाही."

"तुम्ही वर कळवलंत?"

"सकाळीच. दोन पेशंटवर कोण हलतंय? कंपनीनं उलट विचारलंय की ऑपरेशन बरोबर केलंत ना म्हणून." डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "या दोन महिन्यांत तुम्ही किती जणांना ही गोळी दिलीत?"

"चिठ्ठीवर दिली त्यांची नोंद आहे."

"मी बाकीच्यांचं विचारतेय."

केतकी खुर्चीतून उठली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. अभिजित दुकानात तिच्या हाताखाली काम करायचा. तो शांत स्वभावाचा, भांडण दिसलं की आत जाऊन बसणारा माणूस होता. त्या दिवशी मात्र तो आत गेला नाही.

"तू तोंड उघडलंस की आपलं लायसन गेलं," तो म्हणाला. "डॉक्टरबाईंनी कळवलंय ना? बघतील ते."

"तोवर लोक खातायत."

"लोक आपल्या मर्जीनं खातायत. आपण कोणाच्या तोंडात घास कोंबला नाही."

"गोळी तर कोंबली."

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिनं त्याच्याविरुद्ध काही केलं होतं. त्यानंतर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आला. किणीकर नाव. पांढरा शर्ट, हळू आवाज. त्यानं सासऱ्यांची चौकशी केली, पाणी मागून घेतलं आणि मग काउंटरवर एक छापील कागद ठेवला.

"पीठ उकळत्या पाण्यात भिजवूनच भाकरी करायची, असं पाकिटावर लिहिलंय," तो म्हणाला. "तुमच्या जाऊबाई गार पाण्यात भिजवायच्या, असं तुम्ही पाहिलं असेल."

"मी तिच्या स्वयंपाकघरात तीन वर्षांत पाय ठेवलेला नाही."

"पाहिलं असेल, एवढंच म्हणतोय. त्यांचं तुमचं पटत नाही, हे मला माहीत आहे. मला वाटलं, तुम्हाला हे सांगायला जड जाणार नाही."

केतकीनं कागद वाचला. सगळं वैष्णवीवर ढकललेलं होतं आणि स्वतःचं नाव फक्त खाली सहीपुरतं होतं. पेन किणीकरनंच पुढे केलं. तिनं ते हातात घेतलं. हे नंतर तिनं कोणापासून लपवलं नाही. मनात आलं की सही करावी, एकदा त्या बाईला भिंतीपलीकडे रडताना ऐकावं.

तेवढ्यात एक बाई आत आली. कडेवर पोर, पोराच्या कपाळावर ओली पट्टी.

"गुलाबी गोळी द्या ताई, ह्याच्या बापासाठी. पाच दिवसांची."

"घरी कडब्याची भाकरी खाता?" केतकीनं विचारलं.

बाई हसली. "मग काय गव्हाची खातो?"

केतकीनं पेन खाली ठेवलं. तिनं त्या बाईला दवाखान्यात पाठवलं, तडवीबाईंनाच भेटा असं दोनदा बजावलं, आणि किणीकरचा कागद त्याच्याकडे सरकवला.

"विचार करून बघा," तो उठत म्हणाला. त्याचा आवाज तसाच हळू होता. "दुसरा कागदही तयार आहे. त्यावर सही करणारी माणसं मिळतात."

त्यानं पाठ फिरवताच तिनं औषधाच्या रिकाम्या खोक्याची बाजू फाडून घेतली आणि आठवू लागली. चिठ्ठीशिवाय गोळी नेलेली माणसं. कोणाचं नाव माहीत होतं, कोणाची फक्त गल्ली, कोणाची नुसती मोटारसायकल. दुपारपर्यंत सदतीस झाली. दुकान अभिजितवर सोडून ती निघाली.

सांगायचं सोपं होतं. पुढचे पंधरा दिवस कडब्याची भाकरी बंद. भाताची पेज, मुगाचं पातळ वरण. भरपूर पाणी. पोट फुगलं, उलटी झाली की लगेच दवाखाना. आणि पंधरा दिवसांनी विरजण नव्यानं प्यायचं. तिनं तेच ते, त्याच शब्दांत सगळीकडे सांगितलं. ऐकणाऱ्यांना मात्र ते सोपं नव्हतं.

"पंधरा दिवस तांदूळ कुठून आणू? तू देतेस?" एक म्हातारी म्हणाली.

"तेव्हा गोळी देताना का नाही सांगितलं?" दुसऱ्या घरात विचारलं.

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"मग आज जे सांगतेस ते तरी माहीत आहे का?"

बेकरीमागच्या गल्लीत कारखान्यात कामाला जाणारी माणसं राहत. तिथे तिला दारातून पुढे कोणी येऊ दिलं नाही. एकानं तर तिच्या खोक्याच्या तुकड्यावरचं स्वतःचं नाव नखानं खरवडून काढलं. "माझं नाव तुझ्या कागदावर नको. कारखाना बंद पाडायला निघालीस काय?" संध्याकाळी ती परतली तेव्हा दुकानाच्या फळीवर कोणीतरी कोळशानं लिहून ठेवलं होतं: इथे विष मिळतं. अभिजितनं ते पुसलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी औषध निरीक्षक आले. त्यांच्या हातात तक्रारीचा कागद होता. केतकी बिडवे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकतात. खाली सही होती वैष्णवी हर्षद बिडवे.

"हे खरं आहे का?" निरीक्षकांनी विचारलं.

"खरं आहे," केतकी म्हणाली.

त्यांना बहुधा नकाराची सवय होती. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं, आणि अकरा वाजेपर्यंत दुकानाला सील लागलं. भिंतीपलीकडची खिडकी उघडी होती, तिथे वैष्णवीची सावली हलताना दिसली. केतकीनं तिकडे बघितलं नाही. ती दवाखान्यात गेली.

सासरे शुद्धीवर आले होते. नाकात नळी होती, आवाज कागदासारखा कोरडा. तिला बघून त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला.

"मामा, गोळ्यांची पट्टी दहाची होती," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. तडवीबाईंना हवं होतं म्हणून ती विचारत होती. "सगळ्या घेतल्या होत्या ना?"

"सहा," ते म्हणाले. "बरं वाटलं. सोडल्या."

"उरलेल्या चार कुठे आहेत?"

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं, त्यांना झोप लागली.

"वैष्णवीची दाढ सुजली होती," ते म्हणाले. "तिला दिल्या. तुझ्या दुकानात ती कशी यायची?"

केतकी जवळजवळ पळतच घरी आली. भिंतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दाराशेजारची खिडकी उघडली. वैष्णवीचा चेहरा पिवळा पडला होता, ओठ सुकलेले.

"कशाला आलात? तक्रार केली, हो. माझ्या नावानं केली. लपून नाही केली."

"मामांच्या उरलेल्या गोळ्या तू घेतल्यास?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"भाकरी खाल्लीस त्यानंतर?"

"नाही, हवा खाल्ली." तिनं गजांना धरलं. तिच्या कपाळावर घाम होता. "जा तुम्ही. पित्त झालंय मला. तुमची दुसरी गोळी नको."

"कळ येऊन येऊन जाते? का सारखं दुखतंय?"

वैष्णवीनं एक हात पोटावर दाबला.

"सकाळपासून वारा सरलाय का?"

"शरम वाटत नाही विचारायला?"

"नाही वाटत. सरलाय का?"

वैष्णवीनं खिडकी लावून घेतली. केतकी मागच्या पायरीवर बसली आणि तिनं हर्षदला फोन लावला. दिरानं तिचा फोन तीन वर्षांत उचलला नव्हता. चौथ्यांदा उचलला. तिनं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं. त्याच्या मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"वहिनी, सुपरवायझरच्याच घरात असं निघालं, तर उद्या इथे कुलूप लागेल," तो शेवटी म्हणाला. "चारशे माणसं आहेत."

"तुझी बायको एक आहे."

"मी येतो. लातूरला नेतो. तिथे ओळखीचा डॉक्टर आहे, अपेंडिक्स म्हणून दाखल करता येईल."

"लातूर दोन तास. तडवीबाई सात मिनिटं."

त्यानं फोन ठेवला. आतून ओकारीचा आवाज आला, मग भांडं पडल्याचा. केतकीनं दारावर हात मारला नाही, हाकही मारली नाही. ती फक्त म्हणाली, "मी इथे बसलेय." थोड्या वेळानं कडी निघाली. वैष्णवी दाराला टेकून खाली बसली होती. पदरावर हिरवट पाणी सांडलेलं होतं आणि पातळाखालून पोट वर आलेलं दिसत होतं.

हर्षदची गाडी आली तेव्हा दोघांनी मिळून तिला मागच्या सीटवर झोपवलं. केतकी तिच्या पायाशी बसली.

"लातूर," हर्षद स्वतःशीच म्हणाला आणि गाडी सुरू केली.

"वैष्णवी, तू सांग," केतकी म्हणाली. "मामांचं वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते दोन तासांत पडतं का चार तासांत, मला माहीत नाही. कुठे जायचं ते तू सांग."

वैष्णवीनं डोळे मिटले होते. एक कळ येऊन गेली.

"सरकारी," ती नवऱ्याला म्हणाली. मग डोळे न उघडताच केतकीला म्हणाली, "उपकार करून ठेवताय. म्हणजे जन्मभर मान खाली घालून फिरावं मी."

"उपकार नाहीत. मला तुझं तोंडही बघायचं नाही. पण त्या चार गोळ्या माझ्या दुकानातल्या आहेत."

हर्षदनं गाडी सरकारी दवाखान्याकडे वळवली.

तडवीबाईंनी या वेळी वाट पाहिली नाही. काय शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं. गोळा अजून घट्ट झाला नव्हता. पोट उघडावं लागलं, पण आतडं गुलाबी होतं. त्यांनी तो बोटांनी बाहेरूनच मोडला आणि हळूहळू मोठ्या आतड्यात सरकवून दिला. कापायची वेळ आली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या एक अर्ज घेऊन वैष्णवीच्या खाटेपाशी आल्या. हर्षद उशाशी उभा होता, केतकी शेजारच्या खोलीतून सासऱ्यांची भांडी घेऊन निघाली होती. डॉक्टरांनी तिलाही थांबवलं.

"तिसरा पेशंट," त्या म्हणाल्या. "आता वर कोणाला दुर्लक्ष करता येणार नाही. पण कारण लिहायला पेशंटची संमती लागते. कारखान्याचं पीठ आणि गुलाबी गोळी, दोन्ही लिहिणार आहे."

"नाव न घालता लिहा," हर्षद म्हणाला.

"नाव नसेल तर ते म्हणतील की पेशंटच नाही."

"मग नका लिहू. वैष्णवी, नको म्हण. बाकीच्या घरांचा विचार कर."

वैष्णवी छताकडे बघत होती. "त्या घरांतली माणसं पण तेच खातात," ती म्हणाली. मग तिनं हात पुढे केला. "लिहा. आणि गोळी ह्यांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गेली, तेही लिहा. सोडू नका."

"लिहा," केतकी म्हणाली. "विकणाऱ्याची सही लागत असेल तर मी करते."

एकाच कागदावर दोघींनी सह्या केल्या. पेन एकीच्या हातातून दुसरीच्या हातात न जाता मध्ये डॉक्टरांच्या हातातून गेलं.

त्या कागदानं काम केलं. आठवड्यात गुलाबी गोळीच्या पट्टीवर लाल अक्षरात सूचना आली आणि पिठाच्या पाकिटावरून "जन्मभर" हा शब्द गेला. कारखाना दोन महिने बंद राहिला, मग पुन्हा सुरू झाला, कारण लोकांना खायला दुसरं नव्हतं. हर्षदची बदली झाली. तो वैष्णवीला घेऊन परगावी गेला आणि जाताना थोरल्यांच्या घरात निरोप घ्यायला कोणी आलं नाही. केतकीचं लायसन दोन वर्षांसाठी निलंबित झालं. अभिजितनं दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली. घरात बोलणं हळूहळू सुरू झालं, पण त्यात दुकानाचा विषय दोघंही टाळत. सासरे आता बारा महिने केतकीकडेच जेवतात, मऊ भात आणि ताक. त्यांच्या उरलेल्या आतड्यात विरजण टिकत नाही.

तिच्या यादीतल्या सदतीस जणांपैकी दोघांना पुढे त्रास झाला. दोघांनाही काय होतंय ते माहीत होतं, दोघं वेळेत पोचले. त्यातला एक नाव खरवडणारा होता. त्यानं नंतर कधी ओळख दाखवली नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी दुकानाच्या बंद फळ्यांपुढे एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, लांबून चालत आलेली दिसत होती. केतकी घराच्या बाजूनं बाहेर आली.

"दुकान बंद आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. मी घ्यायला नाही आले." बाईनं पदरानं तोंड पुसलं. "सगळ्यांच्या घरी जाऊन सांगून आलात म्हणे. दारोदार फिरलात. आमच्याकडे का आला नाहीत?"

केतकी पुढे आली. "कुठलं तुमचं घर?"

"तेरणा नदीच्या अलीकडची वस्ती. बाजाराच्या दिवशी आले होते. दोन पट्ट्या दिल्या होत्या तुम्ही. एक माझ्या मालकांसाठी, एक मला. मी पोरांना वाढून उरलंसुरलं खायची, माझं निभावलं. ते दिवसभर राबायचे, तीन-तीन भाकरी खायचे." ती थांबली. "पोट फुगलं तर आम्ही हिंग लावत बसलो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ते गेले. कोणी काही सांगितलंच नव्हतं."

"कधीची गोष्ट?"

"तुम्ही गावात फिरलात, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली."

केतकीनं तिचा चेहरा निरखून पाहिला. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. तिनं बाजाराचे सगळे दिवस आठवून पाहिले, काउंटरपुढची गर्दी, पुढे आलेले हात. खोटं बोलता आलं असतं. पत्ता माहीत नव्हता, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं.

"मी बसून सगळ्यांना आठवलं होतं," ती म्हणाली. "तुमचा चेहरा मला आठवला नाही."

बाईनं मान हलवली, जणू तिला एवढंच ऐकायचं होतं.

"मला तुमचा आठवतो," ती म्हणाली, आणि आल्या वाटेनं चालू लागली.